सोळा व्होल्टचं शिखर: फ्रँक–हर्ट्झ प्रयोगाचं एक प्रकरण

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाची एम.एस्सी. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, ऑगस्ट महिना. दोन विद्यार्थिनींच्या गटाने फ्रँक–हर्ट्झचा प्रयोग संपवून जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला: ‘आर्गॉन अणूची आयनीभवन ऊर्जा १६.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रमाणित मूल्य १५.७६. त्रुटी १.५ टक्के.’ (आयनीभवन म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर पडणं.) व्होल्टेज आणि प्रवाहाचा ग्राफ देखणा होता. सहा शिखरं, सहाही स्पष्ट. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

त्याच संचावर दुसऱ्या एका गटाने ‘उत्तेजन ऊर्जा ११.५५, त्रुटी शून्य’ असं लिहून सही घेतली होती. (उत्तेजन म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतच राहून वरच्या पातळीवर जाणं.) त्यांच्या ग्राफवर दोन शिखरांमधलं अंतर कुठे ११ तर कुठे १३ व्होल्ट होतं. त्यातून ११.५५ कसं निघालं हे गणितात कुठेच दिसत नव्हतं. आकडा पुस्तकातून आला होता, हे उघड आहे. आमच्या मते या दोन जर्नलांमध्ये पहिलंच मोलाचं. त्यातली रीडिंग खरी आहेत, चुकला आहे तो अर्थ. आणि नेमका असाच अर्थ १९१४ साली बर्लिनमध्ये खुद्द जेम्स फ्रँक आणि गुस्ताव हर्ट्झ यांचाही चुकला होता. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडतो आहोत.

संच काय करतो

काचेच्या नळीत कमी दाबाचा आर्गॉन वायू, एका टोकाला फिलामेंटने तापणारा कॅथोड, मग दोन ग्रिड आणि शेवटी प्लेट. पहिली ग्रिड कॅथोडपेक्षा १.५ व्होल्ट धन ठेवायची. कॅथोडभोवती साचलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगातून ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. दुसऱ्या ग्रिडचं व्होल्टेज ० ते ८० पर्यंत वाढवत न्यायचं, इलेक्ट्रॉनना वेग देणारं हेच. प्लेट या दुसऱ्या ग्रिडच्या तुलनेत ७.५ व्होल्ट ऋण (हे रोधक व्होल्टेज), म्हणजे ग्रिड ओलांडल्यावर ज्याच्याकडे ७.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शिल्लक आहे तोच इलेक्ट्रॉन प्लेटवर पोहोचणार. (एक व्होल्टचा फरक ओलांडताना इलेक्ट्रॉनची जेवढी ऊर्जा वाढते किंवा घटते, ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) प्लेटचा प्रवाह नॅनोॲम्पिअरच्या घरातला असतो, तेव्हा मीटर साध्या मल्टीमीटरच्या जातीचा नाही. (हे आकडे आपल्याकडच्या बऱ्याच आर्गॉन संचांवर चालतात; नळीसोबत आलेल्या कागदावर वेगळे असतील तर कागदाचंच ऐकायचं.)

आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३ हजार पट जड. समोरासमोर टक्कर झाली तरी इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा जास्तीत जास्त अठरा हजारावा भाग गमावतो, बाकी जशीच्या तशी घेऊन उसळतो. ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसाठी हे नुकसान ०.०००६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकं. वाटेत कितीतरी टकरा होऊनही तो जवळपास अखंड पुढे जातो, आणि व्होल्टेज वाढेल तसा प्रवाह चढत राहतो. ऊर्जा ११.५५ च्या पुढे गेली की मात्र हिशोब बदलतो. अणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, आणि धडकणाऱ्याचे ११.५ च्या वर इलेक्ट्रॉन-व्होल्ट एका फटक्यात जातात. उरलेल्या ऊर्जेत ७.५ चा अडसर ओलांडता येत नाही, प्रवाह कोसळतो. व्होल्टेज आणखी वाढवलं की तोच इलेक्ट्रॉन पुन्हा वेग घेतो, प्रवाह पुन्हा चढतो, आणि दुसऱ्यांदा तेवढीच ऊर्जा गमावण्याची वेळ आली की दुसरी दरी. अणू ऊर्जा वाटेल तेवढी घेत नाही, ठरावीकच घेतो. हे त्या वर-खाली होणाऱ्या प्रवाहात थेट दिसतं.

ग्राफ येईपर्यंत काय काय बिघडलं

पहिल्या दिवशी शिखरं आलीच नाहीत. ४५ व्होल्टपर्यंत मीटर रेंजबाहेर गेला. वरची रेंज घेतल्यावर वक्र मिळाला तो जिन्यासारखा: चढ, जरा सपाटी, पुन्हा चढ, खाली उतरण्याचं नाव नाही. फिलामेंट कमी-जास्त करून पाहिलं, फरक पडला नाही. दोष दोन नॉबच्या अदलाबदलीत होता. पहिल्या ग्रिडवर ७.५ आणि प्लेटच्या रोधक व्होल्टेजवर १.५ लावलेलं. दोन्ही नॉब शेजारी, एकसारखे, आणि एकाच मीटरवर सिलेक्टर फिरवून वाचायचे, त्यामुळे ही चूक नवीन नाही. पहिल्या ग्रिडवर ७.५ लागले की कॅथोडपासून इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो, म्हणून मीटर रेंजबाहेर. आणि रोधक फक्त १.५ असलं की ऊर्जा गमावलेला इलेक्ट्रॉनही थोडासा वेग घेऊन प्लेट गाठतो, म्हणून दरी भरून निघते. जिन्यासारखा वक्र दिसला की आधी रोधक व्होल्टेज तपासायचं, मग बाकीचं.

उलट बाजूचीही मर्यादा सांगायला हवी. शिखरं टोकदार यावीत म्हणून रोधक १० च्या वर नेलं तर एकूण प्रवाहच इतका घटतो की शेवटच्या अंकाची थरथर शिखराएवढी होते. दरी खोल हवी आणि प्रवाहही वाचण्याजोगा हवा, या दोन्हींच्या मधली जागा शोधायची असते.

दुसऱ्या दिवशी अडचण पावसाची. दुसरी ग्रिड शून्यावर असताना मीटर शून्य दाखवत नव्हता. मुलींनी तो शून्यदोष धरून प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचं ठरवलं होतं. तसं करण्याआधी एक सोपी चाचणी करायची: रोधक व्होल्टेज हलवून बघायचं. खरा शून्यदोष असेल तर मीटर ढिम्म राहतो. इथे रोधकाबरोबर आकडाही बदलत होता, म्हणजे गळती. ऑगस्टमधल्या नाशिकच्या ओल्या हवेत नळीच्या बैठकीवर, पिनांच्या मधे, धूळ आणि दमटपणाचा पापुद्रा बसतो. त्याचा रोध १०० कोटी ओहम असला तरी ७.५ व्होल्टला ७.५ नॅनोॲम्पिअर प्रवाह जातो, आणि आपण मोजतो आहोत तोही साधारण त्याच मापाचा. संच बंद करून, थंड होऊ देऊन, बैठक आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं, पूर्ण सुकू दिलं, खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवली. गळती गेली. पावसाळ्यात संच पेटीत बल्ब लावून कोरडा ठेवण्याची जुन्या लॅब असिस्टंट मंडळींची पद्धत उगाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मध्येच वीज गेली आणि पाच मिनिटांत आली. गटाने ४७ व्होल्टपासून पुढे रीडिंग चालू ठेवली, आणि तिथे ग्राफला एक खोटी दरी पडली. पाच मिनिटांत कॅथोड थंड होतो. त्याचं उत्सर्जन तापमानावर अत्यंत संवेदनशील असतं, पुन्हा स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. अशा वेळी आधीची रीडिंग आणि नंतरची रीडिंग एकाच वक्राची नसतात. सगळं पुन्हा शून्यापासून घ्यायचं, दुसरा मार्ग नाही. मुलींनी चौथ्या दिवशी तेच केलं.

रीडिंग घेताना दोन गोष्टी पाळायच्या. एक: व्होल्टेज एकाच दिशेने, वर न्यायचं. शिखर निसटलं म्हणून दोन पावलं मागे येऊन पुन्हा पुढे गेलं की मधल्या वेळात सरकलेला प्रवाह रीडिंगमध्ये मिसळतो. दुसरं: पाऊल १ व्होल्टचं, शिखराजवळ अर्ध्याचं. २ व्होल्टच्या पावलाने घेतलेल्या ग्राफवर शिखर कुठे आहे हे रीडिंग सांगत नाहीत, पेन्सिल सांगते. आणि ८० च्या पुढे हौसेने जाऊ नये. फिलामेंट जास्त तापलेलं असेल तर नळीत आयनीभवन होऊन प्रवाह एकदम उसळतो. तसं झालं की लगेच व्होल्टेज शून्यावर आणायचं, नाहीतर नळी जाते.

१६ व्होल्टचा अर्थ

चौथ्या दिवसाची शिखरं अशी: १६.०, २७.५, ३९.०, ५१.०, ६२.५, ७५.० व्होल्ट. गटाने पहिलं शिखर उचललं, तक्ता उघडला, १५.७६ चं आयनीभवन सापडलं, जमलं. योगायोग इतका गोड की फसणं साहजिक. पण तीन गोष्टी त्याच ग्राफवर त्याच्या विरोधात उभ्या आहेत. आयनीभवन झालं तर नवे इलेक्ट्रॉन सुटतात, प्रवाह वाढायला हवा. इथे पडतो आहे. दुसरं, ११.६ लाच ऊर्जा गमावणारे इलेक्ट्रॉन १५.७६ पर्यंत जमा करणार कुठून? आणि तिसरं सगळ्यांत साधं: पहिली दरी १५.८ च्या खर्चाची असती तर पुढचं शिखर ३१ च्या पुढे यायला हवं होतं. ते २७.५ ला आलं.

मग पहिलं शिखर ११.६ ऐवजी १६ ला का? कारण मीटरवर दिसणारं व्होल्टेज आणि इलेक्ट्रॉनला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज एक नसतं. कॅथोड आणि ग्रिड वेगवेगळ्या पदार्थांचे. इलेक्ट्रॉन बाहेर पडायला दोघांना लागणारी ऊर्जा वेगळी. हा फरक, ज्याला संपर्क विभव म्हणतात, लावलेल्या व्होल्टेजमधून परस्पर कापला जातो. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मारुतीच्या पायाखाली नदीचा तळ किती खोल आहे, हे त्यातून कळत नाही. कमरेपासून छातीपर्यंत पाणी किती चढलं, ते मात्र तळ कुठेही असो, तेवढंच राहतं. शिखरांचंही तसंच. प्रत्येक शिखर सारखंच सरकलेलं असल्यामुळे पहिल्या शिखराची जागा विश्वासाची नाही, दोन शिखरांमधलं अंतर विश्वासाचं.

इथे बहुतेक जर्नलांमध्ये होणारी दुसरी चूक येते. पाच अंतरं काढायची (११.५, ११.५, १२.०, ११.५, १२.५) आणि सरासरी घ्यायची: ११.८. बरोबर दिसतं, पण पाच अंतरांची बेरीज म्हणजे शेवटचं शिखर वजा पहिलं शिखर, ५९.०. मधली चार शिखरं गणितातून आपोआप गळली, ती मोजली नसती तरी उत्तर तेच आलं असतं. त्याऐवजी शिखराचा क्रमांक आडव्या अक्षावर आणि त्याचं व्होल्टेज उभ्या अक्षावर घेऊन सरळ रेषा बसवायची. या सहा बिंदूंवर लघुतम वर्ग पद्धतीने उतार ११.७७ येतो, अनिश्चितता सुमारे ०.०८. रेषा उभ्या अक्षाला ४.० च्या आसपास छेदते. हे ४ व्होल्ट म्हणजे ते सरकणं: मुख्यतः संपर्क विभव, त्यात शिखराच्या गोलाईचा आणि कॅथोडवरून निघतानाच्या वेगाचा थोडा वाटा. गटाला पडलेलं कोडं या एका छेदात सुटतं.

११.७७ पुस्तकातल्या ११.५५ पेक्षा जास्त आहे, आणि ते तसंच असायला हवं. आर्गॉनच्या पहिल्या उत्तेजित पातळ्या चार आहेत: ११.५५, ११.६२, ११.७२ आणि ११.८३. हा संच त्या वेगळ्या करू शकत नाही. शिवाय उंबरठा गाठल्या क्षणी टक्कर होतेच असं नाही. तोवर इलेक्ट्रॉन थोडं पुढे सरकतो आणि वरकड ऊर्जा मिळवतो. व्होल्टेज जास्त तितकी ही वरकड जास्त, म्हणून पुढची अंतरं किंचित वाढत जातात. शेवटचं १२.५ त्याच दिशेचं असावं, पण अर्ध्या व्होल्टच्या पावलावर छातीठोक सांगता येणार नाही. ‘११.५५, त्रुटी शून्य’ हे जर्नल म्हणूनच संशयास्पद.

बर्लिनमधली तीच चूक

फ्रँक आणि हर्ट्झ यांच्या नळीत आर्गॉन नव्हता, भट्टीत तापवलेली पाऱ्याची वाफ होती. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी मांडलेल्या वक्राची शिखरं ४.९ व्होल्टच्या अंतराने येत होती. पुढच्याच महिन्यात त्यांनी क्वार्ट्झची नळी वापरून दाखवलं की ४.९ ओलांडताच वाफेतून २५३.६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो, आणि त्या प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जाही ४.९ च भरते. मोजणी इतकी नेटकी की आजही तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण या आकड्याला त्यांनी नाव दिलं पाऱ्याचं आयनीभवन.

त्यांच्याकडे तसं म्हणायला पुरावाही होता. फिलिप लेनार्ड यांच्या जुन्या पद्धतीत प्लेटवर धन प्रवाह दिसला की धन आयन आले असं मानत, आणि ४.९ च्या पुढे तसा प्रवाह दिसत होता. नील्स बोर यांची अणूची कल्पना १९१३ मध्येच छापून आली होती, पण हा प्रयोग ती तपासायला केलेला नव्हता. १९१५ मध्ये बोर यांनीच सुचवलं की ४.९ हा खर्च इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर नेण्याचा आहे. आयनीभवनाला १० च्या वर लागायला हवेत. मग तो धन प्रवाह? तो प्रकाशाचा खेळ होता. अतिनील प्रकाश प्लेटवर पडून तिथून इलेक्ट्रॉन उडवतो. प्लेटमधून इलेक्ट्रॉन जाणं आणि प्लेटवर धन आयन येणं, मीटरला दोन्ही सारखंच. १९१७ मध्ये अमेरिकेत डेव्हिस आणि गाउचर यांनी हे दोन परिणाम वेगळे करून दाखवले, आणि महायुद्धानंतर फ्रँक–हर्ट्झ यांनी बोर यांचा अर्थ मान्य केला. पाऱ्याचं खरं आयनीभवन १०.४४ ला होतं. बोर यांच्या अणूचा इतका थेट पुरावा देणारे दोघे सुरुवातीची काही वर्षं त्याला वेगळ्याच गोष्टीचा पुरावा समजत होते. १९२५ चं नोबेल त्यांना १९२६ मध्ये मिळालं.

तोंडी परीक्षेसाठी, आणि त्यापलीकडे

या प्रयोगावर एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचा, पहिला प्रश्न पुष्कळदा साधा असतो: फ्रँक–हर्ट्झ कोण? आणि उत्तरात ‘फ्रँक हर्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ’ असं एकच माणूस निघतो. कधीकधी तर त्यालाच कंपनसंख्येच्या एककाचंही श्रेय मिळतं. ते एकक हाइनरिश हर्ट्झ यांचं. गुस्ताव हर्ट्झ हे त्यांचे पुतणे. फ्रँक आणि गुस्ताव, दोघेही हॅम्बुर्गचे, पहिला १८८२ चा, दुसरा १८८७ चा.

फ्रँक गॉटिंगेनला प्राध्यापक असताना एप्रिल १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना काढून टाकणारा कायदा आला. पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे ते स्वतः त्यातून सुटत होते. तरीही त्यांनी जाहीर राजीनामा दिला. पुढे कोपनहेगन, बाल्टिमोर, मग शिकागो. नोबेलचं सुवर्णपदक त्यांनी बोर यांच्या संस्थेत ठेवलं होतं. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा जॉर्ज डी हेवेशी यांनी ते पदक, माक्स फॉन लाउए यांच्या पदकासह, अम्लराजात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. कोणी हात लावला नाही. युद्धानंतर त्यातून सोनं परत काढलं आणि पदकं नव्याने घडवली गेली. जून १९४५ मध्ये शिकागोच्या शास्त्रज्ञांचा जो अहवाल अमेरिकी सरकारकडे गेला, पूर्वसूचनेविना जपानवर बॉम्ब टाकू नये म्हणणारा, त्या समितीचे अध्यक्ष फ्रँक होते. सरकारने तो मानला नाही. १९६४ मध्ये गॉटिंगेनच्या भेटीवर असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

हर्ट्झ यांनी १९३५ मध्ये बर्लिनची प्राध्यापकी सोडली आणि सीमेन्सच्या प्रयोगशाळेत गेले. वायूंच्या विसरणाने समस्थानिकं वेगळी करण्याची पद्धत त्यांनी निऑनवर बसवली होती, आणि तिच्याच मुळे १९४५ नंतर ते सोव्हिएत युनियनमध्ये सुखुमीजवळ युरेनियमच्या कामाला लागले. परतले ते पूर्व जर्मनीत, लाइपझिगला. १९७५ मध्ये वारले. एका टेबलावरचे दोघे, अणुबॉम्बच्या दोन बाजूंना.

गटाने निष्कर्ष खोडून नवा लिहिला: ‘उत्तेजन ऊर्जा ११.८ ± ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, छेद ४.० ± ०.३ व्होल्ट.’ जुनी ओळ एका रेघेने खोडलेली, वाचता येईल अशी ठेवायला सांगितली. प्रयोगशाळेने दोन्ही नॉबवर रंगीत चिकटपट्टी लावली, लाल १.५ साठी आणि निळी ७.५ साठी. जर्नलच्या नमुन्यातला ‘सरासरी अंतर’ हा रकाना जाऊन तिथे सरळ रेषेचा ग्राफ आला.

एक गोष्ट या संचावर होणार नाही. ११.७७ ला जोडीचा प्रकाश सुमारे १०५ नॅनोमीटरचा. नळीची काच तो गिळते, क्वार्ट्झही गिळतं, बाहेरची हवासुद्धा. प्रकाश डोळ्यांनी बघायचा असेल तर निऑनची नळी घ्यावी लागते. तिच्यात व्होल्टेज वाढवताना ग्रिडच्या मधे नारिंगी पट्टे एकामागून एक उमटतात, आणि प्रत्येक नव्या पट्ट्याबरोबर मीटरवर एक दरी पडते.